चैत्र-वैशाखातली गरी : पाणी, भरती आणि आमिष यांचे गणित

शिगम्याचे ढोल थंडावले, आंब्याला पाड लागू लागला आणि दुपारचे ऊन अंगाला चटके देऊ लागले, की गोव्यातल्या नदीकाठांवर एक दृश्य हमखास दिसू लागते. पुलांच्या कठड्यांवर, फेरीबोटींच्या धक्क्यांवर, मानशींच्या तोंडाशी आणि समुद्रात शिरलेल्या खडकांवर सायंकाळी माणसे गरी टाकून उभी असतात. कुणाच्या हाती नवाकोरा रॉड आणि रीळ असते, कुणाच्या हाती वेळूची काठी, तर कुणी बाटलीला गुंडाळलेली तंगूस बोटांत धरून बसलेला असतो. एकाच पुलावर दहा हातांच्या अंतराने उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाच्या पिशवीत चार मासे जातात आणि दुसरा रिकाम्या हाताने घरी परततो. दुसऱ्याला हा नशिबाचा खेळ वाटतो. पहिला मात्र नशिबाचे नाव काढत नाही. तो आधी पंचांग पाहून येतो, मग पाण्याचा रंग पाहतो आणि शेवटी आमिषाची पुडी सोडतो.

फाल्गुन ते वैशाख, म्हणजे ढोबळमानाने फेब्रुवारीच्या मध्यापासून मेअखेरीपर्यंतचा काळ, हा काठावरून किंवा खाडीतून गरवणाऱ्यांसाठी वर्षातला महत्त्वाचा हंगाम असतो. पावसाळ्यात नद्या गढूळ आणि गोड्या होतात, समुद्राकडे तर पाहवत नाही. म्हणून जे काही गरवायचे ते बहुतांशी या उघडिपीत. मात्र याच काळात समुद्र काही फसवी रूपे धारण करतो आणि याच काळात अनेक मासे पुढच्या पिढीच्या तयारीला लागलेले असतात. त्यामुळे मासा कसा लागतो हे समजून घेताना आपला जीव कसा राखायचा आणि कोणता मासा परत पाण्यात सोडायचा हेही समजून घेणे अगत्याचे ठरते.

खारे पाणी वर चढते तेव्हा

गोव्यात वर्षभरात जेवढा पाऊस पडतो त्यातला सुमारे ९० टक्के जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या दिवसांत मांडवी, झुआरी, शापोरा, साळ या नद्यांतून डोंगरावरचे पाणी लोंढ्याने समुद्राकडे धावते आणि खाऱ्या पाण्याला मुखापर्यंत रेटत नेते. पाऊस सरला की हा रेटा हळूहळू ओसरतो. हिवाळ्यात नदीचे स्वतःचे पाणी रोडावते आणि वसंतात तर ते जवळजवळ नगण्य होते. मग भरतीबरोबर समुद्र आत शिरू लागतो. मांडवी आणि झुआरीत भरती-ओहोटी मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आतपर्यंत जाणवते. मांडवीत ती गांजे-उसगावच्या परिसरापर्यंत, तर झुआरीत सांगेच्या दिशेने पोहोचते. खारटपणा तितका आत जात नसला, तरी एप्रिल-मे महिन्यांत तो वर्षातली आपली सर्वांत वरची पायरी गाठतो.

पावसाळ्यात नदीत गोड्या पाण्याचा थर वर आणि खाऱ्याचा खाली अशी रचना असते. उन्हाळ्यात भरती-ओहोटीच्या घुसळणीने हे दोन्ही थर एकजीव होतात. परिणामी समुद्रातले मासे एरवी ज्या वळणापर्यंत येत नाहीत त्या वळणापर्यंत येऊ लागतात. गोबऱ्यांची पिल्ले, तांबोशी, पालू, लहान-मोठे चणक हे सारे पुलांच्या खांबांपाशी, बुडालेल्या ओंडक्यांपाशी आणि खारफुटीच्या मुळांत आसरा शोधतात. शेवट्यांचे थवे काठालगत चिखल चाखत फिरतात. रेताड तळावर मुडदोशी वाळूतले किडे टिपत असते. पावसाळ्यात जेथे गरवणारे काहीच मिळत नाही म्हणून पाठ फिरवतात, त्याच वरच्या अंगाच्या धक्क्यांवर चैत्रात गर्दी होते, त्याचे कारण हे असे खारट असते.

पाण्याच्या उष्णतेचाही विचार करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये गोव्यालगतच्या समुद्राचे पृष्ठभागाचे पाणी ३० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. उथळ खाडीत भर दुपारी ते त्याहून अधिक तापते. पाणी जितके गरम तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. म्हणून उन्हाच्या वेळी मासा उथळावरून उठून खोल डोहात किंवा सावलीत जातो आणि खाण्याबाबत उदासीन होतो. पहाटेचे दोन तास आणि सूर्यास्ताच्या अलीकडचे-पलीकडचे दोन तास हीच या हंगामातली खरी वेळ. दुपारी बारा वाजता तापलेल्या काठावर तपश्चर्या करणाऱ्याला ऊन तेवढे लागते.

याच दिवसांत समुद्रावर कधीकधी तपकिरी-पिवळसर भुशासारखे पट्टे तरंगताना दिसतात. अनेकांना ते तेलगळती किंवा सांडपाणी वाटते. बहुधा ते ट्रायकोडेस्मियम नावाच्या सूक्ष्म जीवाचे पुंजके असतात. समुद्र शांत, पाणी उबदार आणि ऊन कडक असले की त्यांची वाढ होते. हवेतला नत्रवायू पाण्यात बांधून ठेवण्याची क्षमता या जीवांत असल्याने समुद्राच्या अर्थकारणात त्यांना मानाचे स्थान आहे. पण हे पुंजके मरून कुजू लागले की तेथला प्राणवायू घटतो आणि पाण्याला वास येतो. अशा पट्ट्यात गरी टाकण्यात अर्थ नाही. थोडे बाजूला सरकून स्वच्छ पाणी गाठावे.

तिथीची पाऊणपट

खाडीतला मासा घड्याळ ओळखत नाही, तो चंद्र ओळखतो. पाणी वाहू लागले की त्याबरोबर लहान सुंगटे, खेकड्यांची पिल्ले, किडे वाहू लागतात आणि शिकारी मासे त्यांच्या वाटेवर दबा धरून बसतात. पाणी थांबले की हा बाजारही थांबतो. म्हणून भरती पूर्ण होण्याच्या आधीचे दीड-दोन तास आणि ओहोटी सुरू झाल्यानंतरचे पहिले दोन तास ही गरवण्याची उत्तम वेळ मानतात. पाणी जेव्हा चढतही नाही आणि उतरतही नाही तेव्हा चहा प्यावा.

भरतीची वेळ काढायचे एक जुने गणित कोकणपट्टीत अजूनही तोंडी आहे : तिथीची पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा किंवा अमावास्या धरली तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. कृष्णपक्षात मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून करायची. यामागचे शास्त्र सोपे आहे. चंद्र रोज साधारण ५० मिनिटे उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते आणि ५० मिनिटे म्हणजे जवळजवळ पाऊण तास. दिवसातली दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी येते.

हे गणित ढोबळ आहे, हे मात्र विसरू नये. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे गोव्यात भरती मुंबईच्या आधी पूर्ण होते. मुंबईच्या हिशेबाने बसवलेले सूत्र येथे थोडे अलीकडे ओढून वापरावे लागते. त्यातही मुखाशी भरती पूर्ण झाल्यावर नदीच्या वरच्या भागात ती पोहोचायला तास-दोन तास लागतात. आग्वादच्या पायथ्याशी पाणी उतरू लागले असेल, तेव्हा आत कुठेतरी ते अजून चढत असते. ही गोष्ट ओळखणारा माणूस एकाच दिवशी दोन ठिकाणी चांगली वेळ साधू शकतो. आधी मुखाजवळ आणि मग वर सरकून पुन्हा.

अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण येते. तेव्हा मांडवी-झुआरीच्या मुखाशी पाणी सुमारे २.३ मीटर चढते-उतरते. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा हा फरक बराच कमी होतो. भावनगरला हाच आकडा १० मीटरच्या घरात जातो हे लक्षात घेतले, तर आपली खाडी किती सौम्य आहे ते कळते. उधाणात ओढ जोरकस असते, चिखल ढवळून पाणी गढूळ होते आणि शिशाचे वजन वाढवावे लागते. भांगाच्या दिवसांत पाणी निवळशंख असते, पण हालचाल मंद. सर्वांत सोयीचे दिवस या दोहोंच्या मधले. ओढ पुरेशी असते आणि पाणीही फार मळलेले नसते.

या हिशेबात गोव्याच्या खाजन शेतीला वेगळे स्थान आहे. बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या या सखल जमिनी आणि बांधातली मानस, म्हणजे आपोआप उघडझाप करणारे लाकडी दार, ही शेकडो वर्षांची लोकविद्या आहे. ओहोटीला मानशीतून पाणी बाहेर पडते तेव्हा त्याबरोबर सुंगटे आणि लहान मासे येतात. बाहेरच्या अंगाला चणक आणि तांबोशी त्यांची वाट पाहत असतात. मानशीत जाळे लावण्याचा हक्क लिलावाने दिला जातो. तेव्हा तेथे गरी टाकण्यापूर्वी लिलाव घेणाऱ्याची किंवा शेतकरी संघटनेची परवानगी घ्यावी आणि बांधावर खणाखणी करू नये. बांध फुटला तर गावाची शेती खाऱ्या पाण्याखाली जाते.

वारा, लाट आणि हैदराबादहून येणारा इशारा

वसंतातला समुद्र सकाळी काचेसारखा असतो. रात्रभर जमिनीकडून मंद वारा वाहतो आणि पाणी निपचित पडते. दहा-अकराच्या सुमारास जमीन तापते, वारा फिरतो आणि पश्चिम-वायव्येकडून खारे वारे सुटतात. तिसऱ्या प्रहरी त्यांचा जोर सर्वाधिक असतो. उघड्या किनाऱ्यावर त्यामुळे दुपारनंतर लाटा तुटू लागतात आणि गरी दूर फेकणे अवघड होते. सकाळी समुद्राकाठी आणि सायंकाळी खाडीत अशी विभागणी जाणते गरवणारे करतात, ती यासाठीच.

स्थानिक वाऱ्याने उठलेल्या लाटा डोळ्यांना दिसतात आणि त्यांचा अंदाजही बांधता येतो. खरा धोका आहे तो दुरून येणाऱ्या लाटांचा. नोव्हेंबर ते मार्च या काळात अरबस्तानाच्या बाजूला शमाल नावाचे वायव्य वारे जोराने वाहतात. त्यांनी उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यावर येतात, तेव्हा येथे वारा असेलच असे नाही. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी गोव्याच्या किनाऱ्यावरील लाटांच्या मोजणीतून हे दाखवून दिले आहे. त्याहूनही फसव्या आहेत त्या दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांनी जन्म दिलेल्या लांब पल्ल्याच्या लाटा. केरळात त्यांना कळ्ळक्कडल, म्हणजे चोरटा समुद्र म्हणतात. एप्रिल-मे हाच त्यांचा विशेष काळ. दोन लाटांमधले अंतर मोठे असल्याने दहा-पंधरा मिनिटे समुद्र अगदी शांत भासतो आणि मग एकाएकी पाणी खडकावर चढते.

मे २०२४ च्या पहिल्या आठवड्यात हे चित्र देशाने पाहिले. ४ आणि ५ मे रोजी पश्चिम किनाऱ्यासाठी उंच लाटांचा इशारा देण्यात आला होता. ६ मे रोजी कन्याकुमारी जिल्ह्यातल्या लेमूर किनाऱ्यावर वैद्यकीय शिक्षण घेणारे पाच तरुण लाटांनी ओढून नेले. आकाश निरभ्र होते, वादळ नव्हते. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांना दिसेल असे धोक्याचे कोणतेही लक्षण नव्हते.

हा इशारा येतो कोठून, हे मोठे गमतीचे आहे. भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजेच इन्कॉइस, ही संस्था आहे हैदराबादला, जेथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. त्या शहरातल्या कोठी-सुलतानबाजार भागातल्या जुन्या मराठी वस्तीतून कुणी पाहुणा मे महिन्यात गोव्याला आला आणि समुद्र पाहून हरखला, तर त्याला सांगायला हरकत नाही, की या समुद्राच्या लाटांचा उद्याचा अंदाज तुमच्याच गावात बांधला जातो. उपग्रह, समुद्रातले बोये आणि संगणकीय प्रारूपे यांच्या आधारे ही संस्था लाटांची उंची, भरतीच्या वेळा, वारा आणि प्रवाह यांचे अंदाज दररोज देते. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासळी कोठे सापडण्याची शक्यता आहे याचाही सल्ला ती देते. तो सल्ला मुख्यतः खोल पाण्यात जाणाऱ्या होड्यांसाठी असतो. काठावरून गरवणाऱ्यासाठी लाटांचा अंदाज अधिक मोलाचा. हे सारे अंदाज मोबाईलवर फुकट पाहता येतात. आमिष विकत घेण्याआधी ते पाहण्याची सवय लावून घ्यावी.

वागातोर, हणजूण, काब द राम, दोनापावल येथील खडकांवर गरवायला जाताना काही गोष्टी पाळाव्यात. पोहोचल्यावर लगेच खडकावर उतरू नये, किमान पंधरा-वीस मिनिटे लांबून लाटा पाहाव्यात. खडक जेथवर ओला आणि शेवाळलेला आहे तेथवर समुद्राची हद्द समजावी. एकट्याने जाऊ नये. पाठ समुद्राकडे करून गरीला आमिष लावत बसू नये. आणि गरी खडकात अडकली तर ती सोडवायला पाण्यात न उतरता तंगूस कापून टाकावी. दहा रुपयांच्या गरीपायी जीव धोक्यात घालू नये.

कोणत्या माशाला कोणते आमिष

आमिषाचा पहिला नियम एका वाक्यात सांगता येतो : त्या जागी, त्या दिवसांत मासा जे खातो तेच त्याला द्यावे. वसंतात खाडीत सुंगटांची रेलचेल असते, म्हणून सुंगट हे या हंगामातले आमिषांचे राजे. चणक आणि तांबोशीसाठी जिवंत सुंगटाला तोड नाही. त्याच्या डोक्यातला काळसर ठिपका चुकवून, शिंगाच्या बुडातून किंवा शेपटीच्या शेवटच्या पेरातून बारीक गरी ओवावी, म्हणजे ते बराच वेळ तडफडत राहते. पाण्यातली ही तडफड दूरवर जाणवते आणि शिकारी मासा तिच्या रोखाने येतो. जिवंत सुंगटे टिकवण्यासाठी बादली सावलीत ठेवावी आणि पाणी वरचेवर बदलावे. तापलेल्या पाण्यात ती अर्ध्या तासात मरतात. लांब जायचे असेल तर ओल्या गोणपाटात गुंडाळून नेली तरी काही काळ तग धरतात.

मुडदोशीला एवढा थाट लागत नाही. तिचे तोंड लहान, तळाशी टिपून खाण्याची सवय. वाळूमिश्रित चिखलातले समुद्री किडे हे तिचे नैसर्गिक अन्न, म्हणून तेच आमिष सर्वोत्तम. ते न मिळाल्यास सोललेल्या सुंगटाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा चालतो. गरी बारीक, शिसे हलके आणि तंगूस पातळ हवी. आमिष तळावरून हळूहळू ओढत आणले, की वाळूतून लहानशी धूळ उडते आणि मुडदोशी तिच्यामागे येते.

काळुंदर आणि शेवटो हे दोघे मांसाहाराच्या बाबतीत उदासीन. शेवाळ, चिखलातले सेंद्रिय कण आणि सूक्ष्म जीव हा त्यांचा आहार. म्हणून त्यांच्यासाठी मळलेल्या कणकेच्या किंवा पावाच्या मऊ भागाच्या लहान गोळ्या वापरतात. कणकेत थोडी हळद किंवा सुंगटाची पूड मिसळणारेही आहेत. शेवट्याचे तोंड अत्यंत नाजूक असते. जोराने हिसका दिला की ओठ फाटतो आणि मासा जातो. त्याला पकडण्यात कौशल्य आहे ते हात आवरण्याचे. २०१६ मध्ये या शेवट्याला गोव्याचा राज्यमासा म्हणून मान मिळाला. तो मान त्याच्या चवीला तर आहेच, पण खाजनापासून समुद्रापर्यंत वावरणाऱ्या त्याच्या जीवनक्रमालाही आहे.

खडकाळ किनाऱ्यावर गोबरा आणि पालू यांच्यासाठी माणकीची पट्टी उपयोगी. माणकीचे मांस चिवट असते, लाटांच्या माऱ्यात ते गरीवरून सुटत नाही आणि लहान मासे कुरतडून संपवू शकत नाहीत. तारले आणि बांगड्याचे तुकडे तेलकट असल्याने त्यांचा वास पाण्यात लांबवर पसरतो. गढूळ पाण्यात आणि रात्री, जेव्हा मासा डोळ्यांपेक्षा नाकावर विसंबतो, तेव्हा हे आमिष कामी येते. मात्र त्यावर संगट आणि वागळेही येतात, याची तयारी ठेवावी. तिसऱ्या आणि खुबे यांचे मांस पालूला आवडते, पण ते मऊ असल्याने शिवणाच्या दोऱ्याने गरीला बांधावे लागते. लहान खेकडा, नांग्या मोडून, मागच्या पायाच्या बुडातून ओवला तर मोठी तांबोशी तो सोडत नाही.

अलीकडे तरुण मंडळी लाकडी किंवा प्लास्टिकचे खोटे मासे वापरू लागली आहेत. पाणी निवळ असताना, भांगाच्या दिवसांत, पहाटे चणकासाठी ते उत्तम चालतात. त्यात आमिषासाठी लहान जीव मारावे लागत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. गढूळ पाण्यात मात्र ते निरुपयोगी ठरतात, कारण मासा पाहणार तरी काय?

आमिष ताजे असावे, हे सांगणे नको. बाजारातली बर्फात दोन दिवस पडलेली सुंगटे घेण्यापेक्षा पागेर टाकणाऱ्याकडून मूठभर ताजी घ्यावीत. ज्याला आपण खाणार नाही त्याला मासाही सहसा हात लावत नाही.

काय हाती घेऊ नये

गरीला जे लागते ते सारे पोटात घालण्याजोगे नसते. फुगणारा केंड मासा विषारी असतो. ते विष शिजवूनही जात नाही, तेव्हा तो चाखण्याचे धाडस कोणी करू नये. संगटाच्या पाठीवरच्या आणि कल्ल्यांजवळच्या काट्यांनी तीव्र वेदना होतात. वागळ्याच्या शेपटीतला काटा त्याहून वाईट. काटा लागल्यास जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवल्याने वेदना उतरतात, पण त्यानंतर डॉक्टरांकडे जाणे टाळू नये. कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, हे तेथल्या गावांना ठाऊक आहे. बाहेरून येणाऱ्याने काठाच्या चिखलात उतरून गरवू नये. चोडणचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य हे संरक्षित क्षेत्र आहे, तेथे गरी टाकता येत नाही. मोरजी, आगोंद आणि गालजीबाग येथे या दिवसांत सागरी कासवांची अंडी आणि पिल्ले वाळूत असतात. तेथे रात्री विजेऱ्या पाजळत फिरणे म्हणजे समुद्राकडे निघालेल्या पिल्लांची वाट चुकवणे.

सोडून दिलेला मासा

आता या साऱ्यातल्या नाजूक प्रश्नाकडे वळू. चणकाची एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. हा मासा वयात येताना नर असतो आणि काही वर्षांनी, पुरेसा मोठा झाल्यावर, मादी बनतो. म्हणजे खाडीतले मोठाले चणक बहुतेक माद्याच असतात. पावसाळ्याच्या तोंडावर त्या नदीमुखांपाशी जाऊन अंडी घालतात. वैशाखात पुलाखाली लागलेला आठ-दहा किलोंचा चणक हा छायाचित्रासाठी मोठा ऐवज असतो, पण त्याच्या पोटात पुढच्या अनेक हंगामांची बीजे असतात. दुसऱ्या टोकाला वीतभर लांबीची पिल्ले घरी नेली, तर ती नर म्हणूनही कधी प्रजननाला पोहोचत नाहीत. शहाणपण मधल्या आकारात आहे. फार लहान सोडावा, फार मोठाही सोडावा.

काळुंदराची गोष्ट आणखी हळवी आहे. ही जोडी दगडाला किंवा लाकडाला अंडी चिकटवते आणि नर-मादी दोघेही अंड्यांची व पिल्लांची राखण करतात. एकाच जागी घुटमळणारे काळुंदर दिसले, तर ते बहुधा पहाऱ्यावर असतात. त्यांना उचलले की काही वेळातच इतर मासे अंडी फस्त करतात.

केरळ आणि महाराष्ट्र या राज्यांनी काही जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला आहे. पण गरी टाकणाऱ्याला कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही, कारण जाळ्याला नसलेली एक सोय गरीला आहे. मासा जिवंत हाती येतो आणि परत सोडता येतो. त्यासाठी गरीचा उलटा दात चिमट्याने दाबून टाकावा किंवा टोक आत वळलेली गोलाकार गरी वापरावी. ती घशात न अडकता ओठाच्या कोपऱ्यात लागते. मासा ओल्या हाताने धरावा, तापलेल्या दगडावर टाकू नये आणि सोडताना तोंड प्रवाहाकडे करून क्षणभर आधार द्यावा. गरम पाण्यात दमलेल्या माशाला सावरायला वेळ लागतो.

तिसऱ्या-खुब्यांच्या बाबतीतही हाच विवेक हवा. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलातून आमिषापुरते म्हणून गोळा केलेले बोटभर नखाएवढे खुबे म्हणजे पुढच्या वर्षीचे जेवण आणि त्यावर घर चालवणाऱ्या बायांची मजुरी. उरलेली तंगूस, प्लास्टिकच्या पुड्या आणि तुटलेल्या गऱ्या काठावर टाकू नयेत. नायलॉनची तंगूस अनेक वर्षे कुजत नाही आणि त्यात घारी, बगळे, पाणकावळे अडकून मरतात.

गोव्याने माशाच्या न्यायाचा प्रश्न एकदा रस्त्यावर उतरून मांडला आहे. सत्तरच्या दशकात काठालगत जाळी ओढणाऱ्या ट्रॉलरांविरुद्ध रापणकारांनी उभारलेला लढा आणि त्यातून आलेला १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा हा त्याचा इतिहास आहे. काठाजवळचे पाणी हे माशांचे पाळणाघर आहे आणि लहान मच्छीमारांचे अन्नछत्रही, हा त्या लढ्याचा आशय होता. हौसेने गरवणाऱ्यांची संख्या वाढत असताना तो आशय त्यांनाही लागू होतो.

१ जूनला यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते, ती ३१ जुलैपर्यंत. त्यानंतर पहिल्या पावसाने नद्यांचे पाणी लाल होईल, खारटपणा मुखाकडे सरकेल आणि पुलांवरची गर्दी पांगेल. त्याच वेळी, आपण वैशाखात सोडून दिलेली एखादी चणकाची मादी गढूळ पाण्याखालून मांडवीच्या मुखाकडे निघालेली असेल. चार-पाच वर्षांनंतरच्या चैत्रात कोणाच्या तरी गरीला लागणारा मासा तेव्हा जन्म घेत असेल. तोपर्यंत या उरलेल्या दिवसांत पंचांग पाहावे, लाटांचा अंदाज पाहावा, ताजे सुंगट घ्यावे आणि पहाटेच्या भरतीला काठावर हजर व्हावे. मासा लागलाच तर आनंद आहे. आणि नाही लागला, तरी चैत्रातल्या पहाटे नदीकाठी घालवलेले दोन तास वाया गेले असे कुणी म्हणणार नाही.